बॉण्ड, जामीन आणि 'रद्द' या शब्दाचे तीन अर्थ

मागच्या शनिवारी सकाळी साडेआठला फोन वाजला. शनिवारी सकाळी साडेआठ म्हणजे आमच्या धंद्यात मध्यरात्रच. पलीकडे मामेभाऊ.

"दादा, झोपला होतास का? एकच विचारायचं होतं. बॉण्ड व्हॉइड असतो ना?"

धाकट्याला हिंजवडीतल्या एका कंपनीत लागून चौदा महिने झालेत. जॉइन होताना दोन वर्षांचा बॉण्ड लिहून घेतला होता, आधी सोडलं तर दोन लाख. आता बंगलोरहून चांगली ऑफर आली आहे. त्याचा टीम लीड म्हणतो, "बॉण्ड-बिण्ड सगळं इल्लीगल असतं रे, फाडून टाक." एचआर म्हणते, "पेनल्टी भरा आणि रिलीव्हिंग लेटर घेऊन जा." आणि मामा म्हणतात, "सही केली आहे ना? मग द्यावे लागतील."

मामांनी हे म्हणायला कारण आहे. शेवटच्या पानावर त्यांचीही सही आहे. जामीनदार म्हणून. मामा गेल्या वर्षी एसटीतून रिटायर झाले. सही केली तेव्हा 'पोराच्या नोकरीचा कागद आहे' एवढंच त्यांना माहीत होतं.

माझी स्वतःची गोष्टही सांगून टाकतो. सहा वर्षांपूर्वी मीसुद्धा असाच एक बॉण्ड मोडला होता. कंपनीनं आकडा सांगितला, मी निमूटपणे चेक लिहिला. कसले पैसे, किती खर्च झाला, एक शब्द विचारला नाही. आठ महिन्यांची बचत गेली. म्हणजे आमच्या खानदानात एक जण कागदाला देव मानणारा आणि एक जण रद्दी मानणारा. दोघांनीही तो नीट वाचलेला नाही.

म्हणून शनिवार-रविवार दोन्ही दिवस तो कागद आणि करार कायदा घेऊन बसलो. मी वकील नाही, हे आधीच सांगतो. पण कोड वाचायची सवय असली की कायदा वाचता येतो असं लक्षात आलं. आधी व्याख्या वाचायच्या, मग अपवाद. आणि गंमत म्हणजे आपली निम्मी भांडणं कायद्याची नसतातच, शब्दांची असतात. अॅग्रीमेंट आणि कॉन्ट्रॅक्ट, व्हॉइड आणि व्हॉइडेबल, व्हॉइड आणि इल्लीगल, पेनल्टी आणि नुकसानभरपाई, इण्डेम्निटी आणि गॅरंटी. या प्रत्येक जोडीमागे एक एक जुनी गोष्ट आहे. त्याच सांगतो.

आधी थोडा त्या पुस्तकाचा इतिहास. आपला करार कायदा १८७२ चा, १ सप्टेंबर १८७२ पासून लागू. म्हणजे टेलिफोनच्याही आधीचा. त्याचा मसुदा इकडे लिहिलाच गेला नव्हता. १८६१ साली इंग्लंडमध्ये लॉर्ड रोमिलींच्या अध्यक्षतेखाली तिसरं लॉ कमिशन नेमलं गेलं, त्यानं १८६६ साली मसुदा पाठवला. इथे गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात लॉ मेंबर होते हेन्री मेन. दोन्हीकडून पत्रापत्री, मतभेद, उशीर. शेवटी वैतागून कमिशनच्या सदस्यांनी १८७० साली राजीनामे दिले. मेननंतर आलेल्या जेम्स फिट्झजेम्स स्टीफनने मसुद्याची डागडुजी करून तो पास करून घेतला. रिक्वायरमेंट एकाची, डिझाइन दुसऱ्याचं, रिलीज तिसऱ्यानं केला. ओळखीचं वाटतं ना?

आणखी एक मजा. आजही या कायद्याची कलमं ७५ वरून एकदम १२४ वर उडी मारतात. मधली मालविक्रीची कलमं १९३० साली वेगळ्या कायद्यात गेली. शेवटची भागीदारीची १९३२ साली गेली. नंबर मात्र कुणी बदलले नाहीत. कारण बदलले असते तर जुने सगळे संदर्भ मोडले असते. बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी म्हणतात ती हीच.

हा कायदा यायच्या आधी नोकरी सोडणाऱ्याचं काय व्हायचं, ते वाचून मात्र माझी झोप उडाली. १८५९ सालचा एक कायदा होता, कारागीर-मजुरांच्या करारभंगाचा. आधी कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन शहरांसाठी. मजुरानं कामासाठी उचल घेतली आणि काम सोडलं, की मालक थेट मॅजिस्ट्रेटकडे जायचा. मॅजिस्ट्रेट हुकूम करणार, उचल परत कर नाहीतर काम पुरं कर. ते नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. कागद मोडला म्हणून तुरुंग! हा कायदा १८७२ नंतरही चालूच राहिला, तो रद्द करणारा कायदा १९२५ साली झाला. बॉण्ड म्हटल्यावर मामांच्या पोटात जो गोळा येतो, तो उगाच नाही. तो कुठेतरी आपल्या हाडात आहे.

आता शब्दांकडे येऊ.

पहिली जोडी, अॅग्रीमेंट आणि कॉन्ट्रॅक्ट. मराठीत आपण दोन्हीला करारच म्हणतो, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. कायद्याच्या दुसऱ्या कलमात दोन्हीच्या व्याख्या आहेत. एकमेकांच्या बदल्यात दिलेली वचनं म्हणजे अॅग्रीमेंट. आणि जे अॅग्रीमेंट कोर्टाकडून अमलात आणून घेता येतं, ते कॉन्ट्रॅक्ट. म्हणजे प्रत्येक कॉन्ट्रॅक्ट हे अॅग्रीमेंट असतंच, पण उलट नाही. सबक्लास म्हणा हवं तर.

याचं गाजलेलं उदाहरण १९१९ चं, बाल्फोर विरुद्ध बाल्फोर. नवरा सिलोनमध्ये पाटबंधारे खात्यात अधिकारी. रजेवर दोघं इंग्लंडला आली. बायकोची तब्येत बरी नव्हती म्हणून ती तिथेच राहिली. १९१६ साली परत निघताना नवऱ्यानं सांगितलं, महिन्याला ३० पौंड पाठवीन. पुढे दोघांचं फाटलं, पैसे थांबले, बायको कोर्टात गेली. खालच्या कोर्टात जिंकली, वरच्या कोर्टात हरली. लॉर्ड अॅटकिन यांचं म्हणणं थोडक्यात असं, की नवरा-बायको रोज एकमेकांना वचनं देतात, पण ती मोडली तर कोर्टात जाऊ असा हेतू त्यामागे नसतो. वचन होतं, बंधन नव्हतं.

धाकट्याच्या कागदाला हे लागू पडत नाही. कंपनी आणि नोकर यांच्यात वचन झालं, तर ते कोर्टात जायच्या तयारीनंच झालं असं धरतात. तेव्हा 'अॅग्रीमेंटच तर आहे, कॉन्ट्रॅक्ट थोडंच आहे' हा टीम लीडचा पहिला मुद्दा बाद. वर काय नाव छापलंय याला काडीची किंमत नाही.

दुसरी जोडी, सगळ्यात जास्त गोंधळाची. व्हॉइड आणि व्हॉइडेबल.

१८९५ सालचं कलकत्ता. धर्मोदास घोष नावाच्या मुलानं आपली मालमत्ता ब्रह्मो दत्त नावाच्या सावकाराकडे २०,००० रुपयांसाठी गहाण टाकली. व्याज १२ टक्के. मुलगा तेव्हा अज्ञान होता, म्हणजे कायद्यानं वयात आलेला नव्हता. गहाणखत होण्याआधीच आईच्या वकिलानं सावकाराच्या माणसाला पत्र लिहून तसं कळवलंही होतं. तरी कागद झाला. दोन महिन्यांच्या आत मुलाच्या वतीनं दावा, गहाणखत रद्द करा. खटला चालू असताना सावकार वारला. त्याच्या बाजूनं मोहोरी बीबीचं नाव लागलं आणि मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष हा खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. निकाल १९०३ सालचा.

तोपर्यंत इकडची कोर्टं इंग्लंडच्या चालीनं अज्ञानाचा करार व्हॉइडेबल समजत. प्रिव्ही कौन्सिलनं सांगितलं, नाही, तो व्हॉइडच. फरक काय पडला? करार व्हॉइडेबल असेल, तर तो झालेला असतो, चालू असतो. फक्त एका बाजूकडे तो मोडायचा अधिकार असतो. आणि मोडला तर घेतलेला फायदा परत द्यावा लागतो. व्हॉइड असेल, तर करार जन्मालाच आला नाही. मग मोडायचं काय आणि परत काय द्यायचं? सावकाराचे पैसे गेले.

आमच्या भाषेत सांगायचं तर व्हॉइड म्हणजे ऑब्जेक्ट तयारच झाला नाही. व्हॉइडेबल म्हणजे ऑब्जेक्ट तयार आहे, चालतोय, पण डिलीट करायची परवानगी एकाच युजरला आहे. त्यानं ती वापरली नाही, तर तो चालतच राहणार. याशिवाय कायद्यात तिसराही प्रकार आहे, आधी नीट चालू असलेला आणि पुढे काही कारणानं अमलात न येण्यासारखा झालेला करार. तोही तिथून पुढे व्हॉइड. मराठीत या तिन्हींना आपण 'रद्द' म्हणतो. म्हणजे कधीच नव्हता, मी ठरवलं तर नसेल, आणि होता पण आता नाही, असे तीन अर्थ एका शब्दात!

धाकटा म्हणाला, "पण माझ्यावर दबाव होता. सही केली नसती तर ऑफर काढून घेतली असती." मी म्हटलं, दबाव सिद्ध झाला तरी करार व्हॉइड होत नाही, व्हॉइडेबल होतो. आणि कायद्यातली बळजबरीची व्याख्या बरीच कडक आहे. गुन्हा करण्याची धमकी किंवा बेकायदा मालमत्ता अडकवून ठेवणं, असं काहीतरी लागतं. १९१७ साली मद्रास हायकोर्टात एक खटला झाला होता. नवऱ्यानं आत्महत्येची धमकी देऊन बायको आणि मुलाकडून हक्कसोड लिहून घेतली होती. ती बळजबरी ठरली, आणि तीसुद्धा एकमतानं नाही. त्यापुढे 'ऑफर देणार नाही' ही धमकी म्हणजे काहीच नाही. शिवाय चौदा महिने पगार घेऊन झाल्यावर दबाव आठवला असं म्हणालास, तर समोरचा वकील हसेल.

तिसरी जोडी, व्हॉइड आणि इल्लीगल. हे एकच नव्हे. पैज लावण्याचा करार कलम ३० नुसार व्हॉइड आहे. म्हणजे जिंकलात तरी कोर्ट वसूल करून देणार नाही. पण तेवढ्यानं तो गुन्हा होत नाही. १९५९ साली सुप्रीम कोर्टात घेरूलाल पारख विरुद्ध महादेवदास मैया हा खटला आला. दोघा भागीदारांनी हापूरच्या दोन पेढ्यांशी गव्हाच्या भावावर पैजा लावल्या, नुकसान झालं. एकानं सगळं भरलं आणि दुसऱ्याकडे निम्मा वाटा मागितला. दुसरा म्हणाला, मूळ धंदाच बेकायदा, मग वाटा कसला? कोर्ट म्हणालं, पैज व्हॉइड आहे, बेकायदा नाही. म्हणून तिच्या आजूबाजूचा भागीदारीचा करार शाबूत आहे.

पण थांबा. हेच आपल्याकडे मुंबईत घडलं असतं तर निकाल वेगळा लागला असता! मुंबई इलाख्यात १८६५ सालीच एक कायदा झाला होता, ज्यानं पैजेला मदत करणारे जोडकरारही व्हॉइड ठरवले. १८६५ म्हणजे कापसाच्या पैशावर मुंबईत शेअरचा जो उन्माद चालला होता, तो कोसळला ते वर्ष. तात्पर्य, मेलेल्या करारासोबत शेजारचे करार मरतात की नाही, हे तो नुसता व्हॉइड आहे की बेकायदा, आणि कुठे केलाय, यावर ठरतं.

मग बॉण्ड कुठे बसतो? इथे कलम २७ येतं. धंदा किंवा नोकरी करण्यापासून माणसाला रोखणारा करार तेवढ्यापुरता व्हॉइड. आपलं हे कलम इंग्लिश कायद्यापेक्षा कडक आहे, कारण ते डेव्हिड डडली फील्डच्या न्यूयॉर्कसाठी केलेल्या मसुद्यावरून घेतलं. कायदा आल्यावर दोनच वर्षांत, १८७४ साली, कलकत्त्यात त्याची परीक्षा झाली. दोन प्रतिस्पर्धी दुकानदार. एक दुसऱ्याला म्हणाला, तू या भागातलं दुकान बंद कर, कारागिरांना दिलेली उचल मी तुला भरून देतो. रक्कम ९०० रुपये. त्यानं बिचाऱ्यानं दुकान बंद केलं. पहिल्यानं हात वर केले. कोर्टानं सांगितलं, करारच व्हॉइड, पैसे मिळणार नाहीत. मधुब चंदर विरुद्ध राजकुमार दास. वाचून वाईट वाटतं, पण नियम पक्का झाला.

टीम लीडनं बहुतेक एवढंच ऐकलेलं असणार. पुढची गोष्ट कल्याणची आहे. सेंच्युरीचा टायरच्या धाग्याचा कारखाना, तंत्रज्ञान परदेशी कंपन्यांकडून गुप्ततेच्या अटीवर घेतलेलं. शिफ्ट सुपरवायझरनं १९६३ साली पाच वर्षांचा करार केला आणि पुढच्याच वर्षी कोट्याच्या एका रेयॉन कंपनीत गेला. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, गोलिकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग, १९६७. कोर्टानं फरक केला तो असा: नोकरीच्या मुदतीतलं बंधन वेगळं आणि मुदत संपल्यावरचं वेगळं. मुदतीतलं बंधन अवाजवी नसेल तर चालतं.

आणि दुसरी बाजू आपल्या झहीर खानची. २००० साली त्यानं पर्सेप्ट डी'मार्क या कंपनीशी तीन वर्षांचा करार केला. त्यात अट होती, मुदत संपल्यावर दुसऱ्या कुणाची ऑफर आली तर आधी आम्हाला विचारायचं, आम्ही तेवढेच पैसे दिले तर आमच्याकडेच राहायचं. २००३ साली मुदत संपल्यावर तो दुसऱ्या कंपनीकडे गेला. सुप्रीम कोर्टानं २००६ साली झहीरच्या बाजूनं कौल दिला. मुदतीनंतर अशी अट चालणार नाही.

धाकट्याच्या कागदात अकराव्या कलमात लिहिलंय, नोकरी सोडल्यावर एक वर्ष कुठल्याही स्पर्धक कंपनीत काम करायचं नाही. मला वाटतं हे व्हॉइड. बंगलोरला खुशाल जा. पण सहाव्या कलमात लिहिलंय, दोन वर्षांच्या आत सोडलं तर दोन लाख. हे मुदतीच्या आतलं आहे. २०२५ साली सुप्रीम कोर्टात विजया बँकेचा खटला झाला. (ती बँक २०१९ साली बँक ऑफ बडोदात विलीन झाली, खटला त्याआधीच्या घटनेचा.) तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर दोन लाख अशीच अट. अधिकाऱ्यानं पैसे निषेध नोंदवून भरले आणि मग भांडला. हायकोर्टात जिंकला, सुप्रीम कोर्टात हरला. कोर्ट म्हणालं, ही अट कलम २७ मध्ये येत नाही. सरकारी बँकेला जाहिरात, परीक्षा वगैरे करून पुन्हा माणूस घ्यावा लागतो, त्या हिशेबानं रक्कमही अवाजवी नाही.

म्हणजे एकाच कागदातलं अकरावं कलम मेलेलं आणि सहावं जिवंत. 'बॉण्ड व्हॉइड असतो ना' या प्रश्नाला एका शब्दात उत्तरच नाही.

चौथी जोडी, पेनल्टी आणि नुकसानभरपाई. मला स्वतःला सगळ्यात जास्त लागली ती ही.

बॉण्ड आणि पेनल्टीचं नातं जुनं आहे. जुन्या इंग्लंडमध्ये कर्ज घेताना लिहून देत, 'मी अमुक रक्कम देणं लागतो, पण तमुक तारखेपर्यंत तमुक केलं तर हा कागद रद्द.' वरची रक्कम साधारणपणे मूळ देण्याच्या दुप्पट. एक दिवस चुकलात की दुप्पट वसूल. शेक्सपिअरच्या शायलॉकचा मांसाचा तुकडा याच जातीचा. हळूहळू चॅन्सरी कोर्टानं यात दया दाखवायला सुरुवात केली, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस कायदाच झाला की खरं नुकसान झालं असेल तेवढंच वसूल करा.

मग इंग्लंडमध्ये नवा वाद सुरू झाला. करारात लिहिलेला आकडा हा नुकसानीचा प्रामाणिक अंदाज आहे की धाक दाखवायला लिहिलेला? पहिला असेल तर पूर्ण मिळेल, दुसरा असेल तर नाही. १९१४ साली डनलॉप कंपनीचा टायरचा खटला यावरच लढला गेला. ठरलेल्या भावाखाली विकलेल्या दर टायरमागे ५ पौंड. तो अंदाज ठरला.

आपल्या कायद्यानं हा गुंताच कापून टाकला. कलम ७४ म्हणतं, आकडा कशाचाही असो, मिळेल ती वाजवी भरपाई, आणि तीही त्या आकड्याच्या आत. म्हणजे करारात लिहिलेली रक्कम ही किंमत नव्हे, कमाल मर्यादा आहे. १८९९ साली दुरुस्ती करून हे आणखी पक्कं केलं.

यातही आपला एक घरगुती गोंधळ आहे, इसार आणि अॅडव्हान्स. फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास, १९६३. दिल्लीतल्या मालमत्तेचा सौदा १,१२,५०० रुपयांचा. घेणाऱ्यानं आधी १,००० इसार दिला, नंतर २४,०००. सौदा फिसकटला, विकणाऱ्यानं पंचवीसच्या पंचवीस हजार जप्त केले. सुप्रीम कोर्ट म्हणालं, इसाराचे हजार ठेव. बाकीचे चोवीस हजार जप्त करणं म्हणजे पेनल्टी.

आणि २०१५ चा कैलाशनाथ विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण. १९८२ साली भिकाजी कामा प्लेसच्या एका प्लॉटची ३.१२ कोटींची बोली, त्यातले ७८ लाख इसार म्हणून भरलेले. पुढे प्राधिकरणानं ते जप्त केले. तोच प्लॉट १९९४ साली ११.७८ कोटींना विकला. कोर्टानं ७८ लाख परत करायला लावले. नुकसान झालंच नाही, उलट फायदा झाला, तर भरपाई कसली?

हे वाचलं आणि मी लॅपटॉप बंद करून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. सहा वर्षांपूर्वी मला कुणी तरी एवढंच सांगायला हवं होतं, 'हिशेब माग'. मी दिले ते सगळे पैसे बुडालेच असते असं नाही म्हणत. कदाचित निम्मे द्यावेच लागले असते. पण विचारायचा हक्क होता, आणि तो मला माहीत नव्हता.

शेवटची जोडी मामांची. इण्डेम्निटी आणि गॅरंटी.

मराठी माणसाला हा फरक खरं तर जुना आहे. पूर्वीच्या कागदपत्रांत हाजीरजामीन वेगळा आणि मालजामीन वेगळा. पहिला माणूस हजर करायची हमी घेतो, दुसरा पैशाची. आता आपण सगळ्याला 'हमी' म्हणून मोकळे होतो. मिक्सरलाही हमी आणि मामांच्या सहीलाही हमी.

इंग्लंडमध्ये १७०४ सालच्या एका खटल्यातलं उदाहरण फार छान आहे. दोघं दुकानात आले. एक जण दुकानदाराला म्हणाला, "याला माल द्या, पैसे मी बघतो." हे त्याचं स्वतःचं देणं झालं. पण तो म्हणाला, "यानं नाही दिले तर मी देईन," तर ती गॅरंटी. गॅरंटीत तीन माणसं लागतात: घेणेकरी, देणेकरी आणि जामीन. इण्डेम्निटीत दोनच, 'तुझं नुकसान झालं तर मी भरून देतो.' यात नुकसान प्रत्यक्ष खिशातून जाईपर्यंत थांबायचं का, हा प्रश्न मुंबई हायकोर्टात १९४२ साली आला होता, गजानन मोरेश्वर पारेलकर विरुद्ध मोरेश्वर मदन मंत्री. न्यायमूर्ती छागला म्हणाले, डोक्यावर देणं पक्कं बसलं की आधीच मागता येतं.

मामांच्या पानावर वरती 'इण्डेम्निटी' असं ठळक छापलंय. खाली मजकूर असा, की कर्मचाऱ्यानं रक्कम भरली नाही तर जामीनदार भरेल. म्हणजे नाव काहीही असो, ही गॅरंटी. आता कलम १२८. जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच. यातली वाईट बातमी आधी सांगतो. 'आधी पोराच्या मागे लागा, मग माझ्याकडे या' असं जामीनदाराला म्हणता येत नाही. बँक ऑफ बिहारच्या खटल्यात १९६८ साली सुप्रीम कोर्टानं ते स्पष्ट केलंय. कंपनी उद्या सरळ मामांना नोटीस पाठवू शकते. चांगली बातमी त्याच कलमात आहे. देणेकऱ्याइतकीच, म्हणजे त्याहून जास्त नाही. धाकट्याचं देणं वाजवी भरपाईएवढं खाली आलं, की मामांचंही येतं.

रविवारी संध्याकाळी धाकट्याला घेऊन कराडला मामांकडे गेलो. जेवणं झाल्यावर तिघांनी मिळून कंपनीला पत्र लिहिलं. कागद फाडला नाही आणि चेकही फाडला नाही. पत्रात तीनच गोष्टी. एक, सहावं कलम मला मान्य आहे. दोन, ट्रेनिंगवर आणि भरतीवर किती खर्च झाला त्याचा तपशील द्यावा. (ट्रेनिंग म्हणजे दोन आठवडे स्लाइड्स आणि एक ऑनलाइन परीक्षा.) तीन, चोवीसपैकी चौदा महिने काम झालंय, उरलेल्या दहा महिन्यांच्या प्रमाणात रक्कम ठरवून बोलायला तयार आहे. सोमवारी मामांच्या ओळखीच्या वकिलांना दाखवलं. त्यांनी दोन वाक्यं बदलली, एक खोडलं आणि म्हणाले, "पाठवा. पण पोराला सांगा, दोन लाखच वाजवी ठरले तर रडायचं नाही." विजया बँकेचा निकाल त्यांनाही पाठ होता.

एचआरचं उत्तर आलंय, "लीगल टीमशी बोलून कळवतो." परवापर्यंत 'पेनल्टी भरा' एवढंच उत्तर होतं, तेव्हा ही प्रगतीच म्हणायची.

निघताना मामा फाटकापर्यंत सोडायला आले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एवढं सगळं वाचलंस, मला एकच सांग. माझी सही राहिली की गेली?"

"राहिली मामा," मी म्हटलं. "पण ती दोन लाखांची नाही. तुमच्या पोराचं जेवढं खरं देणं निघेल, तेवढ्याचीच आहे."

"मग ठीक आहे," मामा म्हणाले. "तेवढं देऊ."